बेसमेंट भाड्याने दिलंय आणि आता घर विकायचंय, टॅक्स लागणार का?

या वेळचं पत्र कॅनडातून, ऑन्टॅरिओमधल्या ब्रॅम्प्टनहून आलंय. लांब होतं, कामापुरतं देते.

"ताई, आम्ही २०१४ मध्ये ५ लाख १० हजार डॉलरला डिटॅच्ड घर घेतलं. दोघांच्या नावावर आहे. २०२० च्या उन्हाळ्यात सिटीचं परमिट काढून बेसमेंटचं लीगल अपार्टमेंट केलं, बाजूने वेगळं दार, किचन, बाथरूम, दोन बेडरूम. ७५ हजार खर्च आला. सप्टेंबर २०२० पासून भाड्याने आहे. आता मुलगा वॉटर्लूला गेला, एवढं मोठं घर नको वाटतं, येत्या उन्हाळ्यात विकायचं म्हणतोय. रियल्टर म्हणतो १२ लाख ३० हजार सहज येतील. प्रश्न टॅक्सचा आहे. हे म्हणतात राहतं घर आहे, एक पैसा लागत नाही. शेजारचे म्हणतात बेसमेंट दिलं होतं म्हणजे सगळ्या घरावर लागणार. न्यू जर्सीचे दीर म्हणतात ५ लाखांपर्यंत माफ असतं. पुण्याचा माझा भाऊ म्हणतो कोथरूडला फ्लॅट घेऊन टाक, गेन वाचेल. आमच्या टॅक्सवाल्याने २०२१ आणि २०२२ ला बेसमेंटवर मिळून १०,८०० डॉलर डेप्रिसिएशन घेतलंय असं आत्ता रिटर्न चाळताना दिसलं. आणि एक, पहिले चार महिने कॉलेजची मुलं होती, ती कॅश द्यायची, ते आम्ही दाखवलं नाही. हे छापलंत तर नाव नको. रात्री झोप लागत नाही. – बेसमेंटवाली"

अगं बेसमेंटवाली, आधी झोप. वरच्या दोन मजल्यांवर, जिथे तुम्ही राहता, तिथल्या फायद्यावर टॅक्स शून्य. बेसमेंटच्या वाट्यावर लागणार, पण तुला वाटतंय त्याच्या बराच खाली, आणि किती खाली ते एकाच गोष्टीवर आहे, २०२० मध्ये तुमच्या घराची किंमत काय होती हे तू कागदावर दाखवू शकतेस का. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पहिल्यांदा घरच्या सल्लागारांचा निकाल लावू. दीर खोटं बोलत नाहीयेत, पण ते अमेरिकेचं सांगतायत. तिकडे पाच वर्षांपैकी दोन वर्षं घरात राहिलं असेल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा फायदा माफ असतो. कॅनडात असा आकडा नाही. इथे राहत्या घरावर किती का फायदा होईना, दहा लाख होवो की वीस, तो माफ, फक्त ते खरंच सगळी वर्षं तुमचं राहतं घर असलं पाहिजे. भावाचं कोथरूड म्हणजे भारतातलं कलम ५४, एक घर विकून दुसऱ्यात पैसे घातले की गेन वाचतो ते. ते भारतातल्या टॅक्ससाठी आणि तिथे घर भारतातच घ्यावं लागतं. कॅनडाच्या टॅक्सला त्याचा काडीचा उपयोग नाही, इथे दुसरं घर घेतलं म्हणून पहिल्याचा टॅक्स सुटत नाही. कोथरूडला फ्लॅट घ्यायचाच असेल तर भावाच्या शेजारी राहायची हौस म्हणून घे.

राहिले तुझे मिस्टर आणि शेजारचे. दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि अशी माणसं जास्त त्रास देतात.

कॅनडात कॅपिटल गेनवर, म्हणजे विक्रीतल्या फायद्यावर, टॅक्स १९७२ पासून आला आणि तेव्हापासूनच राहत्या घराला सूट आहे, प्रिन्सिपल रेसिडेन्स एक्झम्प्शन म्हणतात ते. १९८२ पासून नवरा-बायको मिळून एका वर्षाला एकच घर त्यात धरता येतं. आता या घराचा एखादा भाग भाड्याने दिला तर काय, यावर सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं, तीन गोष्टी बघते. एक, भाड्याचा भाग मूळ राहण्याच्या मानाने दुय्यम आहे का. दुसरी, घराच्या रचनेत मोठा बदल केलाय का. तिसरी, त्या भागावर सीसीए म्हणजे घसारा, तुझ्या पत्रातलं डेप्रिसिएशन, घेतलाय का. भाडं दुय्यम, रचना होती तशीच आणि सीसीए शून्य, हे तिन्ही जमलं तर अख्खं घर राहतंच समजतात आणि भाडेकरू असूनही सगळा फायदा माफ. तिन्हीतलं एक जरी बिघडलं तरी तो भाग वेगळा निघतो. लोक सांगत सुटतात की पन्नास टक्क्यांच्या आत असलं की चालतं, तसा काही टक्का नियमात लिहिलेला नाही, कुणीतरी पॉटलकला सांगितलं आणि तेच फिरतंय.

हे नीट कळावं म्हणून माझंच सांगते. आम्हीही एकेकाळी बेसमेंटची एक खोली एका विद्यार्थिनीला दिली होती, नाशिकची मुलगी. ती आमच्याच दारातून यायची, आमच्याच ओट्यावर चहा करायची, वॉशिंग मशीनसाठी आमची भांडणं व्हायची. बेसमेंटला कार्पेट नवीन टाकलं, रंग दिला, एक खिडकी बदलली. त्याला रचनेतला बदल कुणी म्हणणार नाही. भाडं आम्ही दरवर्षी टी-७७६ वर, म्हणजे भाड्याच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर, दाखवलं, हिटिंग-पाण्याचा वाटा कापला, सीसीएच्या रकान्याला हात लावला नाही. घर विकलं तेव्हा सगळं माफ.

तुझं तसं नाहीये. तू बाजूची काँक्रीटची भिंत कापून दार काढलंस, खाली उतरायला पायऱ्या बांधल्यास, बाहेर पडता येईल एवढी मोठी खिडकी केलीस, दुसरा ओटा, दुसरं सिंक, दुसरं बाथरूम, वर जायच्या जिन्याला फायर-रेटेड दार. म्हणजे आता तुझ्या भाडेकरूला वर्षभर तुझं तोंडही न बघता राहता येतं. स्वतंत्र राहता येईल असं घर पोटात तयार केलं की सीआरए त्याला रचनेतला बदल म्हणते, एका घराची दोन घरं झाली असं बघते. आणि हे तू परमिट काढलंस म्हणून नाही बरं का. परमिट न काढता चोरून केलं असतं तरी टॅक्सच्या नजरेला तेच. बऱ्याच जणांना वाटतं की "लीगल" केलं म्हणून टॅक्समध्ये सापडलो, तसं काही नाही, उलट तुझ्याकडे सिटीचे कागद आहेत त्यामुळे काम कधी सुरू झालं कधी संपलं याच्या तारखा पक्क्या आहेत, आणि त्या तुला उपयोगी पडणारेत.

आता मुख्य मुद्दा. राहत्या घराचा असा वेगळा निघणारा भाग कमाईसाठी वापरायला घेतला की कायदा असं मानतो की त्या दिवशी तू तो भाग बाजारभावाने विकलास आणि त्याच क्षणी त्याच भावाने स्वतःच परत घेतलास. पैसे कुणी दिले नाहीत, घेतले नाहीत, नुसतं मानायचं. डीम्ड डिस्पोझिशन म्हणतात. हा शब्द ऐकला की लोकांच्या पोटात गोळा येतो. मला विचारशील तर तुझ्या केसमध्ये हा नियम तुझा मित्र आहे. कारण २०१४ ते २०२० बेसमेंटही तुमच्याच वापरात होतं, मुलाचं टेबल टेनिस असेल, गणपतीचं मखर ठेवायची जागा असेल, त्यामुळे त्या सहा वर्षांत बेसमेंटच्या वाट्याची जी किंमत वाढली ती सगळी राहत्या घराची म्हणून माफ. आणि पुढच्या हिशोबाला खरेदी किंमत धरायची ती २०१४ ची नाही, २०२० ची. कुंपण घातल्यासारखं आहे, कुंपणाच्या अलीकडचं सगळं सुरक्षित.

आकडे मांडून बघू, मी लाखातच बोलते पण डॉलरचे लाख. तू पत्रात लिहिलंयस बेसमेंट धरून २,७०० स्क्वेअर फूट आणि अपार्टमेंट ९००, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. समज २०२० च्या वसंतात, काम सुरू करायच्या आधी, घराची बाजारातली किंमत ८ लाख ४० हजार होती (हा आकडा माझ्या मनचा आहे, खरा तुला शोधायचाय). त्याचा तिसरा हिस्सा २ लाख ८० हजार. त्यात बेसमेंटच्या कामाचे ७५ हजार मिळव, ते पूर्णच्या पूर्ण, कारण तो सगळा खर्च त्याच भागावर झाला. झाले ३ लाख ५५ हजार. ही बेसमेंटची "खरेदी". आता विक्री. १२ लाख ३० हजारांचा तिसरा हिस्सा ४ लाख १० हजार. रियल्टरचं कमिशन, वकील वगैरे मिळून ५४ हजार धरले तर त्यातले १८ हजार बेसमेंटच्या वाट्याला. उरले ३ लाख ९२ हजार. वजा ३ लाख ५५ हजार, फायदा ३७ हजार. कॅपिटल गेन निम्माच टॅक्सला धरतात, म्हणजे १८,५००.

निम्मा यावरून आठवलं, तुझ्यासारख्या बऱ्याच जणी अजून विचारतात की ते दोन तृतीयांश झालं ना आता. नाही झालं. एप्रिल २०२४ च्या बजेटमध्ये जाहीर झालं होतं, वर्षाला अडीच लाखांच्या वरच्या गेनसाठी, मग पुढे ढकललं, आणि मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान कार्नींच्या सरकारने रद्दच केलं. निम्मा होता तो निम्माच आहे.

आता हाच हिशोब २०२० ची किंमत न धरता कर, जसा घाईतला टॅक्सवाला करेल. २०१४ च्या ५ लाख १० हजारांचा तिसरा हिस्सा १ लाख ७० हजार, अधिक ७५ हजार, २ लाख ४५ हजार. ३ लाख ९२ हजारातून ते वजा केले तर फायदा १ लाख ४७ हजार! निम्मा ७३,५००. तेच घर, तोच भाव, तीच भिंत. फक्त एक आकडा विचारायचा राहिला म्हणून. म्हणून म्हटलं झोप लागो न लागो, २०२० ची किंमत शोध.

कशी शोधायची? घराची किंमत ठरवणारे अप्रेझर असतात, ते मागच्या तारखेचाही रिपोर्ट देतात, त्या काळात तुमच्या गल्लीत, आजूबाजूला तशी घरं कितीला विकली गेली त्यावरून. काही शे डॉलर घेईल, पण वरच्या हिशोबात बघितलंस ना काय फरक पडतो. अप्रेझल इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडाचा मेंबर घे. गंमत म्हणजे त्यांच्या एका पदवीचं लघुरूपसुद्धा सीआरए असंच आहे, कॅनेडियन रेसिडेन्शियल अप्रेझर, त्यामुळे "सीआरएचा माणूस घरी येतोय" असं मिस्टरांना एकदम सांगू नकोस. सिटीचं प्रॉपर्टी टॅक्सचं असेसमेंट यासाठी वापरू नकोस. ऑन्टॅरिओत ती असेसमेंट अजून २०१६ च्या किमतीवर अडकलेली आहे, त्यात तुझंच नुकसान. रियल्टरने ईमेलवर लिहून दिलेला अंदाज काहीच नसण्यापेक्षा बरा, पण रिपोर्टची सर त्याला नाही.

आता त्या ७५ हजारांबद्दल एक नाजूक प्रश्न, रागावू नकोस. त्यातले कॅश किती दिलेस? कारण मला आपली माणसं माहितीयेत, काँट्रॅक्टर म्हणतो कॅश दिलेत तर एचएसटी (विक्रीकर) नको, आणि आपण खूश होतो, १३ टक्के वाचले. त्याची पावती नसते. आणि पावती नसलेले पैसे तुझ्या खरेदी किमतीत धरणं अवघड जातं, म्हणजे दहा हजार कॅश दिले असतील तर फायदा सरळ दहा हजारांनी वाढू शकतो. बँकेतून काढल्याची नोंद, काँट्रॅक्टरचं कोटेशन, त्याच्याशी झालेले व्हॉट्सॅप मेसेज, परमिटवर लिहिलेली कामाची किंमत, जे असेल ते गोळा कर, काहीतरी आधार होतो. हार्डवेअर दुकानांच्या पावत्या असतील तर आत्ताच्या आत्ता फोटो काढ. माझ्याकडे बुटाच्या खोक्यात जपून ठेवलेल्या होत्या, आठ वर्षांनी उघडलं तर निम्मे कागद कोरे पांढरे, तो गुळगुळीत कागद असतो ना, शाई उडून जाते. एका पावतीवर फक्त "थँक यू" एवढंच वाचता येत होतं.

आणि ७५ हजार दोनदा धरू नकोस. काम सुरू करायच्या आधीची किंमत घेतलीस तर त्यात ७५ मिळवायचे. काम झाल्यावरची, म्हणजे तयार अपार्टमेंटसकटची किंमत घेतलीस तर मिळवायचे नाहीत, ते आलेच त्यात. कुठली तारीख धरायची हे अकाउंटंटशी बसून ठरव, एकदा धरली की तीच सगळीकडे.

अजून एक, तो एक तृतीयांशचा हिशोब टी-७७६ वर बघ. मॉर्गेजचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स यांचा किती टक्के वाटा तुमच्या टॅक्सवाल्याने दरवर्षी कापलाय? तिथे चाळीस टक्के लिहिलं असेल आणि आता विकताना तेहेतीस म्हणालात तर कुणीही विचारेल की बेसमेंट आक्रसलं का काय.

आता सीसीए. मला तुझ्या टॅक्सवाल्याचं यावरच नवल वाटतं. घसारा म्हणजे काय, इमारत जुनी होते म्हणून दरवर्षी तिच्या किमतीचा ४ टक्क्यांपर्यंत हिस्सा भाड्यातून कापता येतो, त्यामुळे त्या वर्षी टॅक्स कमी दिसतो, क्लायंट खूश, टॅक्सवाला हुशार. सक्ती नाहीये त्याची, घ्यायचा तर घ्या. पण घर विकताना तो सगळा परत येतो, आणि निम्मा नाही, पूर्णच्या पूर्ण. रिकॅप्चर म्हणतात. म्हणजे तुझे १०,८०० विक्रीच्या वर्षी सरळ उत्पन्नात. पगारात मिळाल्यासारखे. तेव्हा वाचवलेला टॅक्स आता भरायचा, आणि विक्रीच्या वर्षी उत्पन्न जास्त असलं तर कदाचित वरच्या दराने.

म्हणजे तुझा एकूण हिशोब असा, १८,५०० अधिक १०,८००, २९,३००. दोघांच्या नावावर घर आहे आणि भाडंही तुम्ही अर्धं अर्धं दाखवत होतात असं लिहिलंयस, म्हणजे प्रत्येकी १४,६५०. ३० टक्के दर धरला तर दोघांचे मिळून ८,७९० डॉलर. २०१४ ची किंमत धरून चाललात तर २५,२९० होतील. शेजारच्यांच्या "सगळ्या घरावर"च्या मानाने दोन्ही किरकोळ, पण त्या दोघांतल्या १६,५०० डॉलरात तुम्ही दोघं दोनदा भारतात जाऊन याल.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस की आता भाडेकरूला काढलं, सहा महिने बेसमेंट आपणच वापरलं आणि मग विकलं तर टॅक्स सुटेल का. नाही. उलट बेसमेंट परत घरच्या वापरात आणलंस की पुन्हा तोच खोटा-खोटा विक्रीचा खेळ, त्या दिवशीच्या बाजारभावाने, आणि २०२० पासूनचा फायदा त्या दिवशी पक्का होतो. तो लांबणीवर टाकायला एक इलेक्शन आहे, म्हणजे लेखी कळवायचं की मी हा बदल झालाच नाही असं धरते, आणि मार्च २०१९ नंतर ते घराच्या एखाद्या भागालाही लागू होतं. पण त्या भागावर सीसीए घेतला असेल तर ते बंद. इथे तुमच्या टॅक्सवाल्याची हुशारी दुसऱ्यांदा नडते. तेव्हा चांगला भाडेकरू असेल तर राहू दे त्याला, महिन्याचं भाडं तरी येतंय.

(तशीच सोय २०२० मध्येही होती, तेव्हाची ती मानलेली विक्री टाळायची. तुम्ही ती केली नाहीत हे मला तरी बरंच झालं वाटतं, कारण भाव त्याच्या आधी वाढले होते आणि ती वाढ माफ होऊन बसली. ज्यांनी भाव शिगेला असताना, २०२२ च्या सुरुवातीला बेसमेंट दिलं आणि आता त्याहून कमीला विकतायत, त्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांनी मला वेगळं पत्र लिहा.)

आता जे तुला आवडणार नाही ते. २०१६ पासून राहतं घर विकलं की, टॅक्स शून्य असला तरी, रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, रिटर्नचं कॅपिटल गेनचं शेड्यूल ३ आणि त्याच्या जोडीला राहत्या घरासाठीचा टी-२०९१ फॉर्म. आणि ही मानलेली विक्रीसुद्धा त्यात येते. म्हणजे २०२० च्या रिटर्नमध्ये बेसमेंटचा वाटा "विकला", फायदा एवढा, सगळा राहत्या घरात, टॅक्स शून्य, असं जायला हवं होतं. तुमच्या टॅक्सवाल्याने ते केलेलं दिसत नाही. न दाखवलेल्या घराच्या विक्रीबाबत सीआरएला ते वर्ष केव्हाही उघडता येतं, नेहमीची तीन वर्षांची मर्यादा तिथे लागू होत नाही. उशिरा दाखवलं तर महिन्याला १०० डॉलर आणि जास्तीत जास्त ८,००० असा दंड बसू शकतो. बसेलच असं नाही, माफीची विनंती करता येते, पण तो धरून चाल. मी तरी तुझ्या जागी असते तर २०२० चं रिटर्न स्वतःहून दुरुस्त करायला दिलं असतं, कारण २०२० ची किंमत हा तुझा सगळा बचाव आहे आणि तो बचाव विकल्यानंतर एकदम कपाटातून काढला तर समोरचा विचारणारच की इतकी वर्षं कुठे होता.

आणि त्याच दुरुस्तीत ते कॅशचे चार महिने घालून टाक. किती असतील, मुलं होती म्हणतेस, ५-६ हजार डॉलर? त्यातून खर्चाचा वाटा वजा जाईल, टॅक्स आणि व्याज फार होणार नाही. पण विचार कर, तू सांगणार की सप्टेंबर २०२० ला बेसमेंट भाड्याने गेलं, आणि तुझ्या २०२० च्या रिटर्नमध्ये भाड्याचा एक रुपया नाही. एकाच वर्षाबद्दल दोन गोष्टी चालत नाहीत. आपणहून सांगणाऱ्यांसाठी सीआरएची व्हॉलंटरी डिस्क्लोजर अशी सोय आहे, त्यांचं पत्र यायच्या आधी गेलीस तर सगळ्यात सोपं जातं. तुझ्यासाठी साधी दुरुस्ती पुरेल की हा रस्ता धरायचा हे अकाउंटंटला विचार, आणि कृपा करून त्याच टॅक्सवाल्याला विचारू नकोस. प्रॉपर्टीचं काम करणारा सीपीए, म्हणजे इथला सीए, गाठ, दोन तासांचे पैसे दे.

क्लोजिंगच्या, म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी वकील तुम्हाला पूर्ण चेक देईल, टॅक्स कुणी कापून घेत नाही. तो भरायचा विकल्यानंतरच्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत. तोवर ते पैसे नवीन घराच्या पडद्यांत आणि सोफ्यात जातात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. त्याच आठवड्यात दहा-बारा हजार वेगळ्या खात्यात टाक. मिस्टरांना पासवर्ड देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण समजून घे.

फोनमध्ये २०२० चे फोटो असतील ते शोध, काम सुरू व्हायच्या आधीचं बेसमेंट, टेबल टेनिसचं टेबल, खोकी, जे दिसेल ते. अप्रेझरला लागतात. आणि त्याला फोन करशील तेव्हा पहिल्याच वाक्यात सांग की किंमत आजची नको, २०२० ची हवी, अमुक महिन्याची. हे सांगायचं राहतं आणि लोक पैसे मोजून आजच्या किमतीचा छान रिपोर्ट घेऊन घरी येतात.